बिनकाट्याचा निवडुंग : दुष्काळाच्या आधी लावायचा चारा



चारा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कडबा येतो, मका येतो, घास येतो. निवडुंग म्हटलं की काटे येतात. त्यामुळे 'निवडुंगाचा चारा' हे शब्द रेडिओवर ऐकून तुमच्यापैकी बरेच जण हसले असतील. हसायला हरकत नाही. पण हे पत्रक पुरतं वाचा, कागद-पेन्सिल घेऊन हिशोब करा, आणि मग काय ते ठरवा.

२०१८-१९ च्या दुष्काळात मी नोकरीत नवा होतो. चारा छावणीवर माझी नेमणूक होती. दोन गाई आणि एक कालवड घेऊन आलेले एक पाव्हणे मे महिन्यात कालवड विकून आले. मी त्यांची समजूत घालायला गेलो, की पाऊस आला की सगळं ठीक होईल. ते म्हणाले, "साहेब, पाऊस पडल्यावर गवत उगवंल. कालवड कुठनं उगवायची?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. चार आठवडे पुरेल एवढा चारा जादा असता, तर ती कालवड दावणीला राहिली असती. हे पत्रक त्या चार आठवड्यांसाठी आहे.

आपल्या माण-खटाव, आटपाडी, जत, सांगोला, आष्टी-पाटोदा या पट्ट्याला दुष्काळ नवा नाही. १९७२ झाला, २०१२-१३ झाला, २०१५-१६ झाला, २०१८-१९ झाला. पुढचा कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही, पण येणार हे सगळ्यांना ठाऊक आहे.

हा निवडुंग कोणता?

आपण ज्याला फड्या निवडुंग किंवा नागफणी म्हणतो, त्याच्याच जातभाईंपैकी हा एक, पण मोठे काटे नसलेला. मूळ मेक्सिकोचा. जे हिरवं, चपटं पान दिसतं ते खरं म्हणजे पान नव्हेच, ते खोड आहे. नागाच्या फड्यासारखं दिसतं, म्हणून या पत्रकात त्याला आपण 'फडा' म्हणू. फडा मातीत लावला की त्याला मुळ्या फुटतात, वर नवे फडे येतात, आणि त्यावर आणखी फडे. बी लागत नाही. बियांपासून आलेली रोपे पुन्हा काटेरी निघू शकतात, म्हणून लागवड फड्यांचीच करावी.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. आपल्या बोलण्यात शेर, साबर, तीनधारी या सगळ्यांनाच निवडुंग म्हणतात. ही झाडे वेगळ्या कुळातली आहेत. त्यांना खुडलं की पांढरा चीक येतो. तो चीक विषारी असतो, डोळ्यांत गेला तर डोळा बिघडतो. चाऱ्याच्या निवडुंगाला पांढरा चीक येत नाही, नुसता बुळबुळीत पाण्यासारखा रस येतो. चीक निघाला की ते झाड जनावरापुढे टाकायचं नाही, ही खूणगाठ बांधा.

कमी पाण्यात कसा काय वाढतो?

ज्वारी, बाजरी, मका ही पिकं दिवसा पानांची बारीक छिद्रे उघडून हवा घेतात. उन्हाच्या तडाख्यात त्याच छिद्रांतून पाणी उडून जातं. निवडुंगाची रीत उलटी. तो दिवसा दारं बंद करून बसतो आणि रात्री गारव्यात उघडतो. रात्री घेतलेली हवा आंबट रसाच्या रूपाने साठवतो आणि दिवसा उन्हात तिचं अन्न करतो. म्हणून पहाटे कापलेला फडा आंबट लागतो आणि दुपारनंतर त्याचा आंबटपणा उतरतो. या रीतीमुळे ज्वारीला लागणाऱ्या पाण्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात तो तेवढाच कोरडा चारा तयार करतो. शिवाय फड्यात पाणी साठवून ठेवतो ते वेगळंच.

यात काय आहे, काय नाही?

दहा किलो ताजे फडे घेतले तर त्यात सुमारे नऊ किलो पाणी आणि एक किलो कोरडा भाग असतो. हे नीट समजून घेतलं की पुढची फसगत होत नाही. त्या एक किलोत ताकद देणारा, लवकर पचणारा भाग चांगला असतो. चुना म्हणजे कॅल्शियम भरपूर असतं. पण प्रथिने फार थोडी, कोरड्या भागाच्या शेकडा चार ते आठ. स्फुरद कमी. आणि रवंथ करायला लागणारा चोथाही कमी.

म्हणजे काय? नुसता निवडुंग घातला तर जनावर पातळ शेण टाकतं आणि वजनात उतरतं. निवडुंग कडब्याची जागा घेत नाही. तो कडबा पुरवून आणतो. या पत्रकातलं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी माझं काम झालं.

आता हिशोब करू

घरी दोन गाई आहेत. एका मध्यम गाईला दिवसाला सुमारे ९ किलो कोरडा चारा लागतो असं धरा. दोघींना १८ किलो. कडब्याची गंज आहे १,६८० किलोची. १५ फेब्रुवारीला गंज फोडली, तर रोज १८ किलोप्रमाणे ती ९३ दिवस जाते. म्हणजे १९ मेला खळं मोकळं. पाऊस जूनमध्ये. मधले चार आठवडे काय करायचं? याच चार आठवड्यांत जनावरं बाजारात उभी राहतात आणि मातीमोल जातात.

आता प्रत्येक गाईला रोज २० किलो फडे द्या. त्यातून २ किलो कोरडा भाग मिळाला. कडबा ९ च्या जागी ७ किलो लागला. दोघींना १४ किलो. तीच १,६८० किलोची गंज आता १२० दिवस गेली. म्हणजे १५ जून. मृग लागलेला असतो.

पाण्याचंही बघा. २० किलो फड्यांत सुमारे १८ लिटर पाणी आहे. दोन गाईंचं मिळून ३६ लिटर, म्हणजे दोन-अडीच घागरी. टँकरच्या दिवसांत या घागरी कोण वाहून आणतं, हे भगिनींना सांगायला नको. मात्र निवडुंग देतो म्हणून पाणी पाजायचं बंद करू नका. पाणी पुढे ठेवा, जनावर आपलं आपण कमी पिईल.

हा हिशोब ढोबळ आहे. गाईचं वजन, दूध, कडब्याची प्रत यांप्रमाणे कमीजास्त होईल. पेंड दोन्ही वेळेला सारखीच द्यायची, ती कमी करायची नाही.

किती झाडे लागतील?

दोन गाई, रोज ४० किलो, १२० दिवस, म्हणजे ४,८०० किलो फडे. जमलेल्या झाडाकडून तिसऱ्या वर्षापासून हात राखून वर्षाला ८ किलो धरले, तर ६०० झाडे हवीत. दोन मीटर बाय एक मीटर अंतराने ती १२ गुंठ्यांत बसतात. चांगल्या जमिनीत, शेणखतावर उत्पन्न याहून जास्त येतं, पण हिशोब नेहमी हात राखून करावा.

सहाशे फडे एकदम विकत घेऊ नका. पहिल्या वर्षी एक गुंठा लावा, ५० फडे पुरतात. चांगलं जमलेलं झाड वर्ष-दीड वर्षात चार-पाच नवे फडे देतं. तेच पुढे लावत जा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी घरच्या फड्यांवर १२ गुंठे भरतील. पण दुष्काळ जाहीर झाल्यावर लावायला गेलात, तर तो निवडुंग पुढच्याच्या पुढच्या दुष्काळाला उपयोगी पडेल. म्हणून लागवड बऱ्या वर्षात करायची.

जमीन आणि लागवड

हलकी, मुरमाड, खडकाळ, उताराची जमीन चालते. जिथे दुसरं काही येत नाही असा माळ, बांध, ताल यांवर लावा. पाणी साचणारी चिबड जमीन नको. खारवट जमीनही नको. पुष्कळांना वाटतं की निवडुंग कुठेही येतो. दुष्काळ तो सोसतो, पण पाय ओले राहिलेले आणि मिठाची जमीन त्याला सोसत नाही.

इथे माझीच एक चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. पहिलं प्रात्यक्षिक मी भर जुलैत घेतलं. सकाळी कापलेले फडे दुपारी लावले आणि वर कौतुकाने रोज पाणी घातलं. तीन आठवड्यांत निम्म्याहून जास्त फडे सडून बसले. शेजारचे आजोबा म्हणाले, "अहो, त्याला तहानेनं मरताना कुणी बघितलं नाही. तुम्ही बुडवून मारलं." खरंच होतं. तर रीत अशी :

१. फडे निरोगी झाडावरून, सहा महिने ते वर्षभर वयाचे घ्या. फार कोवळे नकोत, जून खोडासारखे नकोत. सांध्यावर धारदार सुरीने कापा.

२. कापलेले फडे सावलीत, हवेशीर जागी दहा-पंधरा दिवस पसरून ठेवा. कापलेली जागा वाळून तिच्यावर खपली धरली पाहिजे. थोडे सुरकुतले तरी भिऊ नका.

३. फूट-दीड फूट उंच वरंबे काढा. ओळींत दोन मीटर म्हणजे साडेसहा फूट, आणि दोन झाडांत एक मीटर म्हणजे सव्वातीन फूट अंतर ठेवा. बांधावर एकच ओळ लावायची तर दर मीटरला एक फडा.

४. प्रत्येक जागी एक पाटी कुजलेलं शेणखत मातीत मिसळा. शेणखताला हे झाड फार चांगलं उत्तर देतं.

५. कापलेली बाजू खाली करून फड्याचा एक तृतीयांश ते निम्मा भाग मातीत उभा पुरा. सपाट बाजू पूर्व आणि पश्चिमेकडे असाव्यात, म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं ऊन दोन्ही अंगांना मिळतं. भोवतीची माती पायाने घट्ट दाबा.

६. जमिनीत थोडी ओल असताना लावा. पावसाच्या तोंडाला हलक्या जमिनीत, किंवा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात. झड लागलेली असताना लावू नका.

७. लावल्यावर लगेच पाणी घालू नका. पहिल्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तांब्या-दोन तांबे पाणी मिळालं तर उत्तम. पुढे पावसावर सोडा.

पहिली दोन वर्षे तण काढत राहा आणि कुंपण करा. काटे नसल्यामुळे शेळी, रानडुक्कर सगळ्यांनाच तो आवडतो. मोकळ्या रानात लावला तर तुमच्या आधी तेच छावणी भरवतील.

कापणी

पहिल्या वर्षी कोयता लावायचा नाही. वर्ष-दीड वर्षाने झाड जमलं की वरचे फडे सांध्यावर कापा. मूळ फडा आणि त्यावरचा पहिला थर कायम ठेवा. ते तुमचं भांडवल, वरचं ते व्याज. भांडवल खाल्लं तर झाड परत उभं राहायला दोन वर्षे घेतं. पावसात कापू नका, जखमेतून सड शिरते. दुपारनंतर कापावं. कापताना हातमोजे किंवा गोणपाट वापरा, कारण मोठे काटे नसले तरी ठिपक्यांवर केसासारखी बारीक कुसळं असतात. ती बोटांत शिरली की दिवसभर सलतात. डोळ्यांना हात लावू नका. खाली पडलेले तुकडे वेचून आणा, नाहीतर नको तिथे रुजतात.

न चिरलेले फडे सावलीत बरेच दिवस टिकतात. चिरलेले मात्र त्याच दिवशी संपवावेत.

जनावरांना कसा द्यावा?

• फडे धुवून बोटभर रुंदीचे तुकडे करा. मोठा तुकडा घशात अडकू शकतो, विशेषतः शेळीच्या.

• कडब्याच्या किंवा भुसाच्या कुट्टीत मिसळून द्या. ओलसर झालेली वाळकी कुट्टीसुद्धा जनावर चाटूनपुसून खातं.

• सुरुवात थोड्याने करा. गाईला पहिल्या दिवशी एक-दोन किलो. दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्या आणि २० किलोच्या वर जाऊ नका. शेळी-मेंढीला पाव किलोपासून सुरू करून एक-दीड किलोपर्यंत.

• एकूण कोरड्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त वाटा निवडुंगाचा नको.

• सोबत सरकी किंवा भुईमुगाची पेंड, नाहीतर शेवरी, हादगा, सुबाभूळ यांचा पाला द्या. क्षार मिश्रण रोज द्या, कारण निवडुंगात स्फुरद कमी आहे. प्रथिनं वाढवायची म्हणून युरिया अंदाजाने मिसळू नका, त्याने जनावर दगावतं.

• शेण पातळ झालं तर निवडुंग निम्मा करा आणि कडबा वाढवा. दोन दिवसांत सुधारणा नसेल तर बंद करून पशुवैद्यकांना दाखवा.

कापसासारखी कीड

फड्यावर पांढऱ्या कापसाचे पुंजके दिसले तर बोटाने चिरडून बघा. लाल रंग आला की समजा, कोचिनील कीड आहे. ही साधी गोष्ट नव्हे. आपल्याकडचे जुने काटेरी निवडुंग याच किडीने संपवले. शंभर वर्षांपूर्वी गावंच्या गावं त्या निवडुंगाने वेढलेली असायची. तो तण म्हणून आवरेना, तेव्हा १९२६ मध्ये श्रीलंकेतून ही कीड मुद्दाम आणून दक्षिण भारतात सोडली, आणि रानंच्या रानं निवडुंग वठून गेला.

ब्राझीलचंही उदाहरण घ्या. तिथला ईशान्य भाग आपल्यासारखाच अवर्षणाचा. तिथे लाखो हेक्टरवर चाऱ्याचा निवडुंग आहे आणि दुभत्या गाई त्यावर दुष्काळ काढतात. पण २००० नंतर पर्नांबुको आणि पाराईबा राज्यांत या किडीने शेतंच्या शेतं बसवली, तेव्हा शेतकऱ्यांना किडीला दाद न देणाऱ्या जाती नव्याने लावाव्या लागल्या. मोरोक्कोतही २०१४ पासून तसंच नुकसान झालं. धडा असा, की फडे आणतानाच दोन्ही बाजूंनी तपासून घ्या. पुंजका दिसलेला फडा दारात घेऊ नका. शेतात दिसला तर तो फडा कापून जाळा किंवा खोल पुरा, आणि शेजारच्या झाडांवर साबणाच्या पाण्याचा जोरदार फवारा मारा. सुरुवातीला पाच मिनिटांत होणारं काम उशीर झाला की हाताबाहेर जातं.

श्रोत्यांच्या शंका

शंका : ओढ्याकाठचा काटेरी निवडुंग जाळून घातला तर?
उत्तर : जुन्या दुष्काळांत लोकांनी तसं केलं आहे. अगदी अडचणीत जाळावर धरून एकूणएक काटे आणि कुसळं जळाल्याची खात्री करून देता येईल. पण राहिलेला एक काटा जनावराच्या तोंडात जखम करतो. रोजच्यासाठी बिनकाट्याचाच लावा.

शंका : दूध कमी होईल का?
उत्तर : पेंड कमी करून निवडुंग दिला तर होईल. पेंड तेवढीच ठेवून, कडब्याचा थोडा भाग बदलला तर होऊ नये.

शंका : बागायती आहे, तरी लावू का?
उत्तर : पाणी आहे तिथे घास, मका, संकरित नेपिअर हेच फायद्याचं. निवडुंग माळासाठी आहे.

शंका : शेळ्या थेट प्लॉटमध्ये सोडल्या तर?
उत्तर : मूळ फड्यापर्यंत कुरतडतील. कापूनच घाला.

फडे कुठे मिळतील?

जोधपूरची काझरी, झाशीची भारतीय गवत व चारा संशोधन संस्था आणि उरुळीकांचनचे बाएफचे केंद्र यांनी या पिकावर काम केलं आहे. केंद्र सरकारच्या पाणलोट विकास कार्यक्रमातही पडीक जमिनीवर निवडुंग लावण्याचा समावेश झाला आहे. आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी चौकशी करा. शेजाऱ्याकडे जमलेला प्लॉट असेल तर त्याहून चांगलं, झाड डोळ्यांनी बघून फडे आणता येतात.

शेवटी एवढंच सांगतो. गुंठाभर माळ, पन्नास फडे, पन्नास पाट्या शेणखत आणि दोन वर्षांचा धीर, एवढीच सुरुवात आहे. कुणाचं ऐकून दहा एकर लावू नका आणि कुणी हसलं म्हणून एक गुंठाही सोडू नका. गंज फोडायच्या दिवशी तारीख लिहून ठेवा, संपेल त्या दिवशी पुन्हा लिहा. मधले दिवस मोजा. निवडुंगाने किती दिवस वाढवून दिले, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

हे पत्रक गोठ्यात खिळ्याला अडकवून ठेवा. शंका असतील तर कार्यक्रमाच्या पत्त्यावर जरूर लिहा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी